कोलंबोहून न आलेले पैसे

दामोदरराव श्रीलंकेहून कायमचे परत आले, तेव्हा अंबूताईंनी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. हातात एकच बॅग होती. अठरा वर्षं परदेशात कमावलेला माणूस एक बॅग घेऊन दारात उभा राहतो, म्हणजे बाकीचं कुठेतरी ठेवून आलेला असणार, असं त्यांच्या मनानं तिथल्या तिथे घेतलं.

२०२२ सालचा मे महिना होता. म्हैसूरच्या शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेले. अग्रहारातल्या त्या घरात पुढच्या खोलीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत निळ्या-पांढऱ्या कापडाचे गठ्ठे पडलेले होते. अंबूताईंचे पती मालोजीराव यांचं शिलाईचं दुकान देवराज मार्केटच्या मागच्या बोळात. तिथे काम मावेनासं झालं की युनिफॉर्म घरी यायचे आणि अंबूताई सकाळी पूजा आटोपून मशीनवर बसायच्या त्या दुपारपर्यंत उठायच्या नाहीत. मालोजीरावांनी धाकट्या भावाला मिठी मारली, डोळे पुसले. अंबूताईंनी पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं. दामोदरराव म्हणाले, "वहिनी, चहा टाका. दूध नको, कोराच द्या."

बशीत सांडेपर्यंत दूध घालून घेणारा हा माणूस. अंबूताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

अंबूताई जन्मापासून अशा नव्हत्या. त्यांचे वडील हुणसूरला कापडाचे व्यापारी. गावातला एक चिट फंड चालवणारा गृहस्थ त्यांच्याकडे दर गुरुवारी जेवायला असायचा. अंबूताई तेव्हा चौदा वर्षांच्या, त्याला वाढायच्या. फंड बुडाला तेव्हा तो म्हणाला होता की पैसे कुठे गेले नाहीत, फक्त अडकलेत. सहा महिन्यांनी त्यानं बंगळुरात घर बांधल्याचं कळलं. वडिलांनी दुकान विकलं, आणि अंबूताईंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून त्या बाजारातून आणलेली डाळ घरी पुन्हा वजन करायच्या आणि देवळातल्या पावतीवरचा आकडा दोनदा वाचायच्या. आळीतल्या बायका त्यांना मागे हसत. पण भिशीचे पैसे ठेवायची वेळ आली की त्यांच्याकडेच आणून देत.

दामोदरराव २००४ मध्ये गेले. त्यांची बायको सीतालक्ष्मी तापानं गेली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं, मुलगी तुंगा चार वर्षांची होती. कोलंबोजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्याला कटिंग मास्टर हवा होता. दामोदररावांची कात्री अशी, की शंभर थरांचं कापड एकदम कापलं तरी तळाच्या थराला सुतभर फरक पडायचा नाही. तुंगाला त्यांनी वहिनींच्या मांडीवर ठेवलं आणि ते गेले. अंबूताईंना मूल नव्हतं. तुंगा त्यांना कन्नडातल्यासारखं दोड्डम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणायला लागली आणि त्यांच्याच कुशीत वाढली.

शाळेच्या फीपुरते पैसे दामोदरराव नेमानं पाठवायचे. बाकीचे तिकडेच साठवतोय म्हणायचे, थोडे बँकेत, बरेचसे कामगारांच्या भविष्य निधीत. तिकडे व्याज चांगलं मिळतं, येताना सगळं एकदम आणतो, हे त्यांचं दर खेपेचं वाक्य. त्या भरवशावर मालोजीरावांनी एक शब्द देऊन टाकला होता. दुकानाचे मालक पद्मनाभ यांना ती जागा विकायची होती. तीस वर्षांचे भाडेकरू म्हणून त्यांनी आधी मालोजीरावांना विचारलं, आणि दसऱ्यापर्यंत मुदत दिली. पंधरा लाख. दामोदररावांचे तेवढे सहज होतील असा सगळ्यांचा अंदाज होता.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अंबूताईंनी विषय काढला.

"भावजी, पैसे कधी येतात?"

"पैसे आहेत, वहिनी," दामोदरराव म्हणाले. "पण येत नाहीत."

मग दामोदररावांनी सगळं सांगितलं. त्या देशानं वर्षानुवर्षं बाहेरून कर्ज काढलं. बंदर बांधलं, रस्ते बांधले, विमानं उतरत नाहीत असा विमानतळ बांधला. जुनं कर्ज फेडायला नवं घेतलं. मग करोनात परदेशी प्रवासी यायचे थांबले आणि त्यांच्याबरोबर डॉलर यायचे थांबले. तेल, औषधं, दुधाची पावडर सगळं बाहेरून येणारं, आणि ते डॉलर देऊनच मिळणार. गॅस घेऊन जहाज बंदराबाहेर उभं असायचं आणि पैसे मिळाल्याशिवाय माल उतरवत नसत. एप्रिलमध्ये सरकारनं जाहीर केलं की बाहेरचं कर्ज आम्ही आत्ता फेडू शकत नाही. कारखान्याला दिवसाचे दहा-दहा तास वीज नाही. ऑर्डरी दुसऱ्या देशांत गेल्या, शेवटच्या तीन महिन्यांत अर्धाच पगार हातात पडला.

"माझ्या नावावर तिकडचे रुपये आहेत. ते इकडे आणायचे तर बँकेनं डॉलर द्यायला हवेत. देशाकडेच नाहीत, तर बँक कुठून देणार? आणि तिकडचा रुपयाही निम्म्यावर आलाय. जानेवारीत आणले असते तर आपले पंधरा लाख झाले असते. आज आणले तर साडेआठ."

"म्हणजे अडकलेत," अंबूताई म्हणाल्या.

"हां. अडकलेत."

चौदाव्या वर्षी अंबूताईंनी ऐकलेला तोच हा शब्द. त्या भांडी घेऊन आत गेल्या. तुंगानं मोबाइलवर दर काढून दाखवले, श्रीलंकेच्या बातम्या काढून दाखवल्या. तिचं मराठी जेमतेम. "निजा दोड्डम्मा, खरंच तसं झालंय," असं अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत ती समजावत होती. वडिलांवर तिची माया होती असं नव्हे. ती त्यांना 'अप्पा'सुद्धा म्हणत नसे, 'ते' म्हणायची. पण बातम्या खऱ्या होत्या. अंबूताई म्हणाल्या की देश बुडाला हे खरं असेल, पण त्याच्याआड एखादा माणूस स्वतःचं काही दडवून ठेवत असेल तर ते तुझा मोबाइल सांगणार आहे का?

त्या दिवसापासून त्यांनी दिरावर पाळत ठेवली. दामोदरराव सकाळी उठले की आधी स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर हलवून बघायचे. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून आत डोकावायचे. रस्त्यात चार माणसं ओळीत उभी दिसली की काय मिळतंय ते न विचारता मागे जाऊन उभे राहायचे. एकदा तर ते लसीच्या रांगेत तासभर उभे राहून आले. आणि रोज दुपारी चारला ते फोन घेऊन गच्चीवर जायचे. वरून हळू आवाजातलं बोलणं यायचं. पंधरा मिनिटं, कधी वीस. अंबूताई वाळत घातलेल्या मिरच्या उलटायच्या निमित्तानं दोनदा वर गेल्या. दोन्ही वेळा दामोदररावांनी बोलणं आवरतं घेतलं.

तिकडे बाई आहे, हे अंबूताईंनी ठरवून टाकलं. नुसती बाई नाही, संसार असणार. पैसे तिथे आहेत.

जुलैत एका दुपारी कन्नड वाहिनीवर दाखवलं की लोक तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरलेत. कुणी पलंगावर लोळतंय, कुणी पोहण्याच्या तलावात उड्या मारतंय. अंबूताईंनी मशीन थांबवून पाहिलं आणि म्हणाल्या की हे लोक काही उपाशी दिसत नाहीत, चांगले पोहतायत की.

दामोदररावांनी हातातलं कापड खाली ठेवलं. आल्यापासून त्यांचा आवाज कधी चढला नव्हता.

"वहिनी, पेट्रोलसाठी लोक तीन तीन दिवस रांगेत झोपलेत. माझ्या कारखान्यात शिलाईच्या लाइनीवरच्या मुलीनं पोराला दुधाऐवजी भाताची पेज पाजलीय. कर्ज कुणी काढलं, कुणी खाल्लं, हे त्यातल्या एकालाही कुणी सांगितलं नाही. फेडायचं मात्र त्यांनी. घरात घुसून पाहिल्यावर त्यांना कळलं की तलावात पाणी आहे. म्हणून उतरले."

बोलून झाल्यावर त्यांनी कापड पुन्हा उचललं. अंबूताईंनी मनात नोंद केली, की पोराला पेज पाजणारी लाइनीवरची मुलगी यांना फार जवळून माहीत आहे.

गणपती झाल्यावर मालोजीरावांनी बायकोजवळ एक गोष्ट काढली. दामोदरला दुकानात निम्मा हिस्सा देऊन टाकू. छप्पन्न वर्षांचा झाला, कुठे जाणार? आणि तुझे दागिने गहाण ठेवले, बँकेचं थोडं काढलं, तर पद्मनाभांना आगाऊ रक्कम देता येईल. मागून त्याचे पैसे आले की सोडवू.

अंबूताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग दामोदररावांना हाक मारून समोर बसवलं, आणि जे बोलायचं ते दोघांच्या तोंडावर बोलल्या.

"तिकडे व्याज जास्त मिळतं म्हणून पैसे कुणी ठेवले? मी सांगितलं नव्हतं. दरसाल थोडे थोडे आणा म्हणून मी सांगत होते. मिळालं असतं तर ते जास्तीचं व्याज तुमचं होतं. आता बुडालं, तर ते सगळ्यांचं कसं झालं? लाभ होता तेव्हा मला कुणी हिस्सा विचारला नाही. माझे दागिने मी ब्लाउज शिवून केलेत. एक मणीसुद्धा देणार नाही."

मालोजीराव बायकोला गप्प करू लागले. दामोदररावांनी हातानं थांबवलं.

"वहिनी बरोबर बोलतात," ते म्हणाले.

हेही अंबूताईंना खटकलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं. इतक्या लगेच कबूल होणारा माणूस आतून निश्चिंत असतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आपली अट सांगितली. हिस्सा नाही. कापलेल्या नगामागे इतर कारागिरांना मिळतं तेवढं मिळेल, जेवण घरचं. दामोदररावांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते नगावर कापायला बसले.

दसरा आला. पद्मनाभांनी आणखी पंधरा दिवस वाट पाहिली, मग जागा मोबाइलच्या दुकानाला विकली. मालोजीरावांनी चार मशीन हातगाडीवर घालून घरी आणली. तीस वर्षांची पाटी मात्र त्यांना काढवेना, ती दामोदररावांनी काढली. समोरच्या हारवाल्या वनजाबाई बघत उभ्या होत्या. अंबूताई आल्या नव्हत्या. त्या घरी पुढच्या खोलीतलं सामान हलवून मशीनांना जागा करत होत्या आणि प्रत्येक पेटी जरा जास्तच आपटून ठेवत होत्या.

पुढच्या जानेवारीत दामोदरराव बेळगोळला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक कपड्यांचा कारखाना कटिंगचा माणूस शोधतोय असं कुणीतरी सांगितलं होतं. घाईत त्यांचा फोन चार्जिंगलाच राहिला. चार वाजता तो वाजला. अंबूताईंनी वाजू दिला. पुन्हा वाजला, तेव्हा उचलला.

पलीकडून बाईचा आवाज आला, तमिळमध्ये. अंबूताईंना तमिळ येत होतं. शेजारच्या घरात वीस वर्षं तमिळ कुटुंब होतं.

"कोण बोलतंय?" बाईनं विचारलं.

"तूच सांग कोण ते. फोन तू केलास."

बाई सावध आवाजात म्हणाली, "मी विशालाक्षी. कारखान्यात लाइन सुपरवायझर होते. तुम्ही त्यांच्या पत्नी का?"

"त्यांची बायको जाऊन वीस वर्षं झाली," अंबूताई म्हणाल्या. "मी भावजय."

"म्हणजे बायको खरंच वारली आहे?"

"वारली म्हणजे? मी स्वतः तिला शेवटचं न्हाऊ घातलं."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. विशालाक्षी म्हणाली की अठरा वर्षांपासून तिला ही शंका होती. परदेशातून आलेले पुरुष सगळे बायको वारली म्हणूनच सांगतात. हा माणूस गावी गेला तो बायकोकडेच गेला, असं तिची आई तिला रोज ऐकवते.

अंबूताई खाली बसल्या. आपण ज्या बाईचा आठ महिने पत्ता काढू पाहतोय, ती तिकडे आपलाच पत्ता काढत होती. मग दोघींनी मिळून त्या माणसाची उलटतपासणी केली. तो तिच्याकडे राहायचा का? हो, दहा वर्षं. लग्न? नाही, तिच्या आईला परदेशी नको होता. मूल? नाही. पैसे कुठे आहेत? निधीतच आहेत. देश कायमचा सोडला म्हणून काढता येतात, पण अर्जावर कारखान्याच्या सह्या लागतात, आणि मालकानं टाळं लावलंय. त्या सह्यांसाठी विशालाक्षी सात वेळा कामगार कचेरीत जाऊन आली होती. एकदा उन्हात चक्कर येऊन पडली.

"आणि दुसरं काही दिलंय त्यांनी तुला?"

विशालाक्षी म्हणाली, "२०१८ मध्ये आमच्या घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या. तिकडचे पाच लाख त्यांनी दिले. तुम्हाला ठाऊकच आहे ना ते? वहिनींना विचारून देतोय, म्हणाले होते."

अंबूताई म्हणाल्या, "हो. ठाऊक आहे."

हे त्या का म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. परक्या बाईसमोर घरची अब्रू जाऊ नये म्हणून असेल. फोन ठेवला आणि त्या मशीनवर बसल्या, पण त्यांचा पाय चालेना.

दामोदरराव संध्याकाळी आले. बेळगोळला त्यांना वय विचारलं आणि परत पाठवलं. अंबूताईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "दोन खोल्यांना मी कधी हो म्हटलं, भावजी?"

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून माझ्या नावावर हो लिहून टाकलंत. आणि तुंगा आजारी असताना तिला कोण बघत होतं, ते तिकडे त्या खोल्यांत बसून आठवलं का कधी?"

"आठवायचं," दामोदरराव म्हणाले. "म्हणून तर फीचे पैसे कधी चुकवले नाहीत. दुसरं काय पाठवणार होतो, वहिनी?"

अंबूताईंचा राग गेला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की यापुढे फोन गच्चीवर न्यायचा नाही. काय बोलायचं ते इथे बसून बोला.

मार्चमध्ये बातमी आली की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं श्रीलंकेला मोठं कर्ज मंजूर केलं. मालोजीरावांनी पेढे आणले. दामोदररावांनी पेढा घेतला, पण तोंड गोड झाल्यासारखं दिसलं नाही. ते म्हणाले की हे पैसे काही लोकांना वाटायला येत नाहीत, देश सावरायला येतात, आणि त्याच्याबरोबर अटी येतात. विजेचं बिल वाढलं, कर वाढले. जुलैत विशालाक्षीनं नवीनच सांगितलं. देशातल्या देशात घेतलेलं कर्जही हलकं करायचं ठरलं होतं. त्यात बँकांना वगळलं, आणि कामगारांच्या निधीला पुढची वर्षं कमी व्याजावर राहायला लावलं. बँक बुडाली तर सगळेच बुडतील, असं कारण दिलं होतं. ती मोर्च्याला गेली होती, घसा बसला होता. आता हे सगळं पुढच्या खोलीत, फोन मोठ्या आवाजावर ठेवून चालायचं.

"बघा," अंबूताई फोनकडे तोंड करून तमिळमध्ये म्हणाल्या. "ज्यांनी केलं ते सुटले. शिवणाऱ्यांच्या पिशवीत हात घातला."

"अगदी हेच मी तिथे ओरडत होते, अक्का," विशालाक्षी म्हणाली.

विशालाक्षीनं अखेर कारखान्याच्या सह्या मिळवल्या आणि नोव्हेंबरात पैसे आले. तुंगानं दामोदररावांना बँकेत नेलं होतं. येताना ती पासबुक घेऊन आली आणि तिनं ते दोड्डम्माच्या हातात दिलं. नऊ लाखांच्या थोडे आत होते. अंबूताईंनी चष्मा लावून आकडा वाचला. विशालाक्षीनं सांगितलेली तिकडची रक्कम तुंगाकडून त्या दिवसाच्या दरानं फिरवून घेतली. दोन्हीत काही शे रुपयांचा फरक होता. बँकेनं तो कशाबद्दल कापला, हे विचारायला त्या दुसऱ्या दिवशी स्वतः गेल्या आणि उत्तर लिहून घेऊन आल्या.

एवढ्या पैशांत दुकान येणार नव्हतं, ती वेळ गेली होती. अंबूताईंनी सहा लाख तुंगाच्या नावावर ठेवायला सांगितले. दामोदररावांनी काही न विचारता सही केली. सही होत असताना तुंगा त्यांच्याकडे बघत होती. घरी येताना रिक्षात ती त्यांना म्हणाली, "अप्पा, थोडं सरकून बसा," आणि दामोदरराव इतके सरकले की निम्मे बाहेर आले.

उरलेल्या पैशांतून थोडे आपण विशालाक्षीला पाठवू का, असं दामोदररावांनी एका रविवारी भीत भीत विचारलं. एवढ्या खेपा घातल्या तिनं. अंबूताई म्हणाल्या, पाठवा, पण मला विचारून पाठवलेत असं या वेळी खरं सांगा.

मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दामोदररावांचा पासपोर्ट त्यांनी त्याच आठवड्यात बॅगेतून काढून आपल्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला होता. तो जागेवर आहे का ते पाहिलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तुंगा दारात उभी राहून बघत होती. हे कशाला, असं तिनं विचारलं.

"ती चांगली बाई आहे," अंबूताई म्हणाल्या. "म्हणूनच."